खांद्यावरचा बार आणि अडीच किलोचा हिशेब

मागच्या भागात आपण चालण्या-धावण्यावर बोललो, पण खाली प्रश्न आले ते स्क्वॉटचे. इंदूरहून आले, बडोद्याहून आले, हैदराबाद आणि बेळगावहूनही आले. बहुतेकांची तक्रार एकच. "सर, साठ किलोवर अडकलोय, सहा महिने झाले, पुढे सरकत नाही." म्हणून आज विषय तेवढाच. बार खांद्यावर घेऊन खाली बसायचं, उठायचं, आणि बारवरचं वजन वाढवत न्यायचं.

आमच्या लोकांना बैठका नव्या नाहीत. तालमीत मारल्या जातात, फौजेत तर विचारूच नका. पीटीच्या मैदानावर उस्तादाच्या शिट्टीवर शंभर, दोनशे अशा बैठका निघायच्या. त्यांनी दम वाढतो, सांधे मोकळे राहतात. पण ताकद एका मर्यादेपर्यंतच वाढते, कारण दोनशेव्या बैठकीलाही पायांवर वजन असतं ते तुमच्याच अंगाचं. आमच्या युनिटमध्ये पाचशे बैठका न थांबता मारणारा एक नायक होता. खांद्यावर ऐंशी किलो दिले, तर तिसऱ्या वेळी खाली बसला तो उठलाच नाही. रॅकच्या आडव्या पिनांवर बार टेकवून बाहेर आला आणि म्हणाला, "साहेब, हे वेगळंच काम आहे." बरोबर बोलला. जड वजनाखाली स्नायूंचे जास्तीत जास्त तंतू एकाच वेळी कामाला लागावे लागतात, आणि ते शरीराला वजन देऊनच शिकवावं लागतं.

आता पहिली अट, खोली. मांडी आणि पोट जिथे दुमडतात ती घडी गुडघ्याच्या वरच्या टोकापेक्षा खाली गेली पाहिजे. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत पंच हेच बघतात. आपल्या जिममध्ये मुलं शंभर किलो लावतात, चार बोटं खाली जातात आणि आरशात स्वतःकडे बघून बार ठेवतात. अशा शंभर किलोला मी साठसुद्धा म्हणणार नाही. साठवर अडकलेल्या मंडळींनी आधी बाजूने व्हिडिओ काढा. कित्येकांचं वजन अडकलेलं नसतं, दर महिन्याला खोली कमी करत ते तिथे पोचलेले असतात.

पाय खांद्यांएवढे रुंद, पंजे थोडे बाहेर वळलेले, गुडघे पंज्यांच्या दिशेने. बार पायाच्या मधोमध, जिथे बुटाची लेस बांधतो त्या रेषेत, सरळ खाली जावा आणि सरळ वर यावा. खाली जाण्याआधी पोटात खोल श्वास भरायचा आणि कोणी पोटात बुक्की मारणार आहे अशा बेताने पोट घट्ट करायचं. तो श्वास वर येईपर्यंत धरायचा. यानेच पाठ सरळ राहते, पट्ट्याचं काम त्यानंतरचं. मात्र श्वास धरल्यावर रक्तदाब काही क्षण बराच चढतो. ज्यांना रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया आहे, किंवा डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालंय, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बारखाली जाऊ नये. यात मी सवलत देत नाही.

बुटांचं सांगतो. धावण्याचे मऊ बूट नकोत, वजनाखाली गादीवर उभं राहिल्यासारखं होतं. आमचे जुने तपकिरी कॅनव्हासचे पीटी शूज यासाठी उत्तम होते, कुठे मिळाले तर मला कळवा. आणि एकट्याने करत असाल तर रॅकच्या सुरक्षा पिना तुमच्या तळाच्या दोन बोटं खाली लावल्याशिवाय बार उचलू नका.

आता हिशेब. नुसता बार वीस किलोचा असतो. तिथूनच सुरुवात करा, वय काहीही असो. पाच रेप्सचे तीन सेट, आठवड्यातून दोनदा, आणि दर वेळी अडीच किलो वाढ. महिन्याला वीस किलो झाले. तीन महिन्यांत बार ऐंशीच्या आसपास पोचतो, आणि निरोगी तरुण माणसाला हे बहुतेक वेळा जमतं. पण हाच हिशेब वर्षभर चालवा, दोनशे साठ किलोची वाढ होईल. तसं घडत असतं तर प्रत्येक गल्लीत विक्रमवीर असते. वाढ कुठेतरी मंदावणारच, आणि ज्याला ते माहीत नसतं तो तिथे वैतागून धडका मारत बसतो.

मंदावल्यावर पहिलं काम म्हणजे पायरी लहान करणं. अडीचऐवजी एक किलो. आपल्याकडच्या बऱ्याच जिममध्ये सगळ्यात छोटी प्लेट अडीच किलोची असते, म्हणजे दोन्ही बाजूंना लावली की पाच किलो झाले. साठवरून एकदम पासष्ट. अहो, ही तर आठ टक्क्यांची उडी! तिथेच लोक अडकतात आणि दोष स्वतःच्या गुडघ्यांना देतात. अर्ध्या किलोच्या दोन प्लेट स्वतःच्या विकत घ्या आणि पिशवीतून घेऊन जा. माझ्या पिशवीत त्या कायम असतात, ट्रेनर हसतो, हसू दे.

दुसरं, दोन सेटमधली विश्रांती. जड सेटनंतर तीन ते पाच मिनिटं बसायचंच. मिनिटभरात पुन्हा बारखाली गेलात तर दम कमी पडतो आणि तुम्हाला वाटतं ताकद कमी पडली. मागे कोणी रांगेत उभा असेल तर त्याला सोबत घ्या, आलटूनपालटून करा.

तरीही अडकलात तर आठवड्याचे दोन दिवस सारखे ठेवू नका. एक दिवस जड, दुसरा हलका. जड दिवशी समजा ऐंशी किलोचे तीन सेट. त्याआधी नुसत्या बारने दोन सेट, मग चाळीसने पाच, पंचावन्नने तीन, सत्तरने एक किंवा दोन. हलक्या दिवशी चौसष्टच्या आसपास, तेही स्वच्छ आणि झटक्यात उठत. वाढ फक्त जड दिवशी, आठवड्याला एक-दीड किलो. लागोपाठ दोन आठवडे पाच रेप्स पूर्ण झाल्या नाहीत तर वजन दहा टक्के उतरवा आणि पुन्हा चढत या. आणि दर शनिवारी 'मॅक्स' काढू नका. रोपटं वाढतंय की नाही हे बघायला ते रोज उपटायचं नसतं.

खाण्याचं बोलतो, कारण मराठी घरात इथेच गोची होते. सकाळी पोहे, दुपारी वरण-भात, संध्याकाळी चहा-बिस्किट, आणि मग विचारणार पाय का भरत नाहीत. सत्तर किलोच्या माणसाने जड व्यायाम सुरू केला की रोज शंभर ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हाही आकडा डॉक्टरांकडून घ्या. एका अंड्यात सहा ग्रॅम, मोठ्या ग्लासभर दुधात आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत बावीस-चोवीस. आता तुमच्या पातळ वरणात डाळ किती पडते, तुम्हीच बघा. झोप सात-आठ तास. रात्री दोनपर्यंत मोबाइल बघणाऱ्याला माझ्याकडे कार्यक्रम नाही.

"गुडघे जातील" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. याचा एक उगम सांगतो. १९६१मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी खोल स्क्वॉटने गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात असं मांडलं, आणि ते जगभर पसरलं. नंतरच्या अभ्यासांतून ते टिकलं नाही. निरोगी गुडघ्यांना नीट शिकलेला, हळूहळू वाढवलेला स्क्वॉट मजबूत करतो. आपल्याच कर्णम मल्लेश्वरी बघा. २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ११० आणि १३०, मिळून २४० किलो उचलून कांस्यपदक आणलं. वेटलिफ्टिंगच्या सरावात खोल स्क्वॉट हा पायाच असतो. गुडघा आधीच दुखत असेल, सुजत असेल, तर गोष्ट वेगळी, तो आधी दाखवा.

मला विचारतात, या वयात कशासाठी? मी अठ्ठावन्नाव्या वर्षी नुसत्या बारने सुरू केलं, आज चौसष्टाव्या वर्षी शंभर किलो पाच वेळा बसतो-उठतो. माझ्या बॅचचे काही मित्र आता पंगतीला जमिनीवर बसत नाहीत. बसता येतं, उठायला दोन माणसं लागतात. हे गडी कधीकाळी पूर्ण सामान पाठीवर घेऊन बीपीईटीचे पाच किलोमीटर धावलेले. चालणं त्यांनी सोडलेलं नाही, रोज सकाळी चालतात. पण वय वाढतं तसे मांडीचे स्नायू वर्षागणिक झिजतात, आणि ते नुसत्या चालण्याने थांबत नाही. मग एक दिवस बाथरूममध्ये तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. माझ्या घरातच हे झालेलं आहे, त्यापुढचे आठ महिने मी जवळून पाहिलेत.

हैदराबादच्या एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या सत्तर वर्षांच्या आईला हे जमेल का. जमेल, पण बार नको. हात नसलेली भक्कम खुर्ची घ्या, भिंतीला टेकवा, त्यावर दोन घट्ट उश्या ठेवा. हात छातीशी घेऊन पाच वेळा बसायचं-उठायचं, तीन सेट, एक दिवसाआड. तुम्ही शेजारी उभ्या राहा. सहज जमू लागलं की एक उशी काढा. मग दुसरी काढा. दोन्ही निघाल्या आणि पाचवी रेपही हलकी वाटली, की आईच्या हातात एक लिटरची पाण्याची भरलेली बाटली द्या. आणि तारीख, उश्या, रेप्स वहीत लिहीत जा. महिन्याभराने ते पान मला पाठवा, पुढचं तिथून ठरवू.