चाकाच्या पोटातले छर्रे

जुन्या काळ्या सायकलचं पुढचं चाक कुरकुरू लागलं, की आपण चेनला तेल घालतो! आवाज असतो हबमधला. तिथे दोन्ही बाजूंना दहा-दहा छर्रे असतात, ३/१६ इंचाचे; मागच्या चाकात पाव इंची, नऊ-नऊ. पूर्वी दुकानदार दरवर्षी सायकल 'ओव्हरऑइल' करून द्यायचा. मूळ शब्द ओव्हरहॉल, पण मला आपलाच जास्त पटतो.

हे काम मी घरीच करतो. चाक काढून खाली ताट ठेवायचं, नाहीतर छर्रे कपाटाखाली शोधावे लागतात. जुनं ग्रीस रॉकेलने धुवायचं. ते नसेल तर डिझेल चालतं. मग कोन उजेडात धरून पाहावा. छर्रे फिरतात त्या जागी खड्डे पडले असतील तर तो बदलावा, स्वस्तातली वस्तू आहे. कप मात्र हबमध्ये घट्ट ठोकलेला असतो. तो झिजला, की बहुधा हबच बदलायचा, म्हणजे सगळे स्पोक सोडून चाक नव्याने बांधायचं. आणि चाक बांधणारे हात आता कुठे सहज सापडतात?

नवे छर्रे भरपूर ग्रीसमध्ये बसवा. कोन हाताने टेकेपर्यंत फिरवा, किंचित मागे घ्या आणि पातळ पान्याने धरून बाहेरचा नट आवळा. चाक आडवं हलवलं तर डुगडुगू नये. मोकळं सोडलं तर व्हॉल्व्हच्या वजनाने झुलत झुलत थांबावं. पावसाळा संपला, की एक दुपार काढा. दसऱ्याच्या पूजेसाठी सायकल पुसायला बाहेर काढतोच की आपण!