जेम्स ब्राऊन : श्रेष्ठ गाणें कोणतें?

कलावंत गेला म्हणजे त्याच्याविषयींचा वाद संपतो असें नाहीं; पुष्कळदां तो तेव्हांच खरा रंगूं लागतो. 'फंक' ह्या लयप्रधान अमेरिकन संगीताचा एक आद्य प्रवर्तक जेम्स ब्राऊन हा २५ डिसेंबर २००६ रोजीं निवर्तला. परंतु त्याचें सर्वोत्कृष्ट गाणें कोणतें, ह्याबद्दल त्याच्या चाहत्यांत अद्यापि एकमत नाहीं.

ह्या चाहत्यांचे स्थूलमानानें तीन पक्ष पडतात. पहिला पक्ष गळ्याचा. १९५६ सालची 'प्लीज, प्लीज, प्लीज' ही ब्राऊनची पहिली ध्वनिमुद्रिका ह्या पक्षाला प्रमाण. तींत एकच आर्जव पुनःपुन्हां येतें. तरी प्रत्येक वेळीं आवाजांतील व्याकुळता निराळी. न्यूयॉर्कच्या अपोलो नाट्यगृहांत २४ ऑक्टोबर १९६२ रोजीं झालेल्या कार्यक्रमाचें ध्वनिमुद्रणहि हा पक्ष पुढें करतो. जुन्याच गाण्यांची तबकडी कोण घेणार, म्हणून कंपनीच्या मालकानें खर्च नाकारला. ब्राऊननें तो पदरचा केला, आणि ती तबकडी ६६ आठवडे खपाच्या यादींत राहिली.

दुसरा पक्ष लयीचा. १९६५ च्या 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग'पासून, आणि विशेषतः १९६७ च्या 'कोल्ड स्वेट'पासून, ब्राऊननें स्वरसंघांचे पालट जवळजवळ टाकूनच दिले. अमेरिकन लोकप्रिय गाण्यांत जोर बहुधा दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर येई. ह्यानें तो पहिल्या मात्रेवर आणला. समेवर मान डोलविणाऱ्या श्रोत्याला ह्यांतील मर्म निराळें सांगावयास नको. गिटार, पितळी वाद्यें, इतकेंच नव्हे तर स्वतःचा कंठहि त्यानें तालवाद्यासारखा वापरला. पहिला पक्ष विचारतो, ह्यांत चाल कोठें आहे? दुसरा उलट विचारतो, ती हवीच कशाला?

तिसरा पक्ष लहान, पण त्याचा प्रश्न अवघड. १९७० सालीं प्रसिद्ध झालेल्या 'फंकी ड्रमर'मध्यें क्लाइड स्टबलफील्ड ह्या वादकाचें सुमारें वीस सेकंद एकट्याचें ड्रमवादन आहे. पुढें हिपहॉपच्या शेंकडों गाण्यांनीं तोच तुकडा उचलून आपला पाया केला. परंतु रचनाकार म्हणून नांव ब्राऊनचें. त्यामुळें ह्या उपयोगाचा मोबदला स्टबलफील्डला जवळजवळ मिळालाच नाहीं. २०१७ सालीं तो वारला. ब्राऊन वादकांना चुकीबद्दल दंड करी, आणि त्या कठोर शिस्तींतूनच असा नेमका ठेका उमटला, हेंहि खरें. मग हा वारसा कोणाचा?

वस्तुतः हा तंटा गाण्यांचा नाहीं, ऐकण्याचा आहे. एकाला कंठ ऐकूं येतो, दुसऱ्याला ठेका, तिसऱ्याला ठेका धरणारा हात. तिघांचेंहि समाधान करील असें गाणें निवडावयाचें तर मान 'कोल्ड स्वेट'ला द्यावा. त्यांत ब्राऊनचा कंठ आहे आणि नवी लयहि आहे. सॅक्सोफोनवादक आल्फ्रेड एलिस ह्याचें नांव सहरचनाकार म्हणून नोंदलेलें आहे; आणि मध्यंतरीं ब्राऊन हांक देऊन स्टबलफील्डच्या ड्रमला वाट करून देतो. पुढें पैशाच्या हिशोबांत जें राहून गेलें, तें ह्या गाण्यांत क्षणभर तरी चुकतें झालें आहे. श्रोत्यांनीं वादांत उतरण्यापूर्वीं तें एकदां शेवटपर्यंत ऐकावें, आणि कोण काय वाजवीत आहे इकडे कान द्यावा.