अवकाशातील बियाणे कोणाच्या मालकीचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



अवकाशातील शेती हा विषय निघताच पुष्कळांच्या चेहऱ्यावर स्मित उमटेल. येथे पाण्याचा आणि हमीभावाचा प्रश्न सुटलेला नसताना चंद्र-मंगळावरील पिकांची चर्चा कशासाठी, असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेप स्वाभाविक आहे, परंतु तो अपुरा आहे. कारण मंगळावर नांगर पोहोचण्यापूर्वीच तेथील बियाण्याचा सातबारा लिहिला जाऊ लागला आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहावी. सोव्हिएत संघाने क्रास्नोयार्स्क येथे १९७२ साली ‘बायोस-३’ ही बंदिस्त वसाहत पूर्ण केली. तेथील एका प्रयोगात सुमारे सहा महिने तीन माणसांच्या श्वासासाठी लागणारा प्राणवायू आणि अन्नाचा काही भाग वनस्पतींनीच पुरविला. १९८२ साली सॅल्यूत-७ या अवकाश स्थानकात एका लहानशा रोपाने बीजापासून बीजापर्यंतचे चक्र पूर्ण केले. २०१५ साली आंतरराष्ट्रीय स्थानकातील अंतराळवीरांनी तेथेच पिकविलेली लेट्यूस ही पालेभाजी खाल्ली. जानेवारी २०२५ मध्ये भारताच्या यानात चवळीला अंकुर फुटला आणि त्याच वर्षी शुभांशु शुक्ला यांनी स्थानकात मेथी व मूग अंकुरविले.

जनुकीय अभियांत्रिकी ही यापुढची पायरी होय. मंगळाच्या जाण्यायेण्याच्या प्रवासाला सुमारे तीन वर्षे लागतील. तेवढ्या काळात साठवलेल्या औषधांचा व जीवनसत्त्वांचा गुण ओसरतो आणि वजनरहित अवस्थेत हाडे झिजतात. म्हणून २०१९ साली ‘नासा’ने डोळ्यांना उपकारक असे द्रव्य तयार करणारे, जनुके बदललेले यीस्ट स्थानकात पाठविले. २०२२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी हाडे राखणारे औषध पानांतच तयार करणारी लेट्यूस सादर केली. ही विद्या मानवाच्या बुद्धीचे वैभव आहे. तिला विरोध करणे हे समाजवाद्याचे काम नव्हे.

प्रश्न विद्येचा नाही, मालकीचा आहे. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आनंदमोहन चक्रवर्ती यांच्या जीवाणूच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी जिवंत सृष्टीवरील पेटंटाचे दार उघडले. १९९० साली तेथील कायदेमंडळाने ठरविले की, काही आंतरराष्ट्रीय करारांचे अपवाद वगळता, अमेरिकेच्या नियंत्रणाखालील अवकाशयानात लागलेला अथवा वापरलेला शोध अमेरिकेच्या भूमीवरचाच मानावा. म्हणजे पेटंट यानात बसून वर गेले. २०१३ साली त्याच न्यायालयाने इंडियानातील बोमन या शेतकऱ्याविरुद्ध एकमताने निर्णय दिला. पेटंट असलेल्या सोयाबीनच्या पिकातून राखलेले बी पुन्हा पेरणे, हा त्याचा अपराध ठरला.

हे तीन निर्णय एकत्र वाचावेत. मंगळावर बियाण्याचे दुकान नसेल. तेथे मागील पिकाचे बी पुढील हंगामासाठी राखणे हाच जगण्याचा मार्ग असेल, कारण पीक म्हणजे केवळ अन्न नव्हे, श्वासही होय. हेच तत्त्व तेथे लागू राहिले, तर दुसरी पेरणी पेटंटधारकाच्या परवानगीवर अवलंबून राहील. पृथ्वीवर बियाण्याचा मालक भाव ठरवितो; तेथे तो प्राण ठरवील.

विदर्भाच्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, परंतु तो मुख्यतः संकरित वाणांतून आला. संकरित वाणाचे बी राखून पेरले तर पुढील पीक तसे येत नाही. म्हणून दरवर्षी पाकीट विकत घ्यावे लागते. पुढे गुलाबी बोंडअळी त्या जनुकाला दाद देईनाशी झाली, तरी पाकिटाची गरज सुटली नाही. शेतकऱ्याला बांधले ते जनुकाने नव्हे. ते ज्या रीतीने विकले गेले, त्या रीतीने.

पेटंट नसेल तर संशोधनावर पैसा कोण खर्च करील, असे विचारले जाते. वर सांगितलेले अवकाशातील प्रयोग पाहावेत. त्यांच्यामागे सरकारी संस्था, सार्वजनिक विद्यापीठे आणि सार्वजनिक पैसा आहे. जनतेच्या पैशातून निघालेले बी खासगी कुलुपात जाऊ देण्याचे कारण नाही.

१९६७ च्या अवकाश कराराने चंद्रावर कोणत्याही राष्ट्राला मालकी सांगण्यास मनाई केली, परंतु यानातील बियाण्याविषयी तो मौन आहे. भारताच्या २००१ च्या कायद्याचे ३९ वे कलम मात्र शेतकऱ्याला बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा आणि देवाणघेवाणीचा हक्क देते. २०२३ साली भारताने आर्टेमिस करारनाम्यावर स्वाक्षरी केली असून २०३५ पर्यंत स्वतःचे स्थानक उभारण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. त्या स्थानकाच्या नियमांत आणि पुढील प्रत्येक आंतरराष्ट्रीय वाटाघाटीत ३९ व्या कलमाचे तत्त्व भारताने मांडावे, अशी मागणी आजच पुढे आली पाहिजे.

जमिनीच्या मालकीचा प्रश्न उचलला गेला, तेव्हा सातबारे लिहून शतके लोटली होती. बियाण्याच्या बाबतीत शाई अजून ओली आहे. ती वाळण्यापूर्वी चळवळीने आपला शब्द लिहावा.