चौकटीचा कोपरा आणि आपला क्लॅम्प

मागच्या पावसाळ्यात आमच्या माणिकपूरच्या गटाकडे सहा चौकटी परत आल्या. आतली वारली चित्रं जशीच्या तशी होती, कोपरे मात्र उघडलेले. आम्ही दमट हवेला बोल लावला. पण चूक आमचीच होती. गोंद लावून आम्ही कोपरे हाताने दाबून धरायचो. हात असा किती वेळ टिकणार?

मग कॉर्नर क्लॅम्प आणले. हे अवजार अगदी साधं आहे. त्याच्या लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाला दोन भिंती असतात, बरोबर ९० अंशांत. चौकटीच्या पट्ट्यांची बाहेरची कड या भिंतींना टेकवायची. आतल्या बाजूने दाबतो तो जबडा. त्याच्या मागे लांब स्क्रू आणि पिळायला आडवी दांडी. दांडी फिरवली की स्क्रू एकेक आटा पुढे सरकतो, म्हणून हाताच्या थोड्या जोराचा मोठा दाब होतो.

जबडा स्क्रूच्या टोकावर थोडा हलतो. आमच्यातली एक ताई तो खराब समजून दुकानात परत द्यायला निघाली होती! एक पट्टी जाड, दुसरी जरा बारीक असली, तर त्या हलण्यामुळेच जबडा वळून दोन्हींवर सारखा बसतो.

पट्ट्या ४५ अंशांत नीट कापलेल्या नसतील तर मात्र क्लॅम्प काही करू शकत नाही, फट राहतेच. म्हणून आधी गोंदाशिवाय जोडून बघा. मग गोंद लावा, खाली प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा, मऊ लाकूड असेल तर जबड्याखाली पुठ्ठा घाला. फार आवळू नका, नाहीतर गोंदच बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. बाहेर आलेला थोडा गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा. रात्रभर हात लावू नका. आट्यांना अधूनमधून तेलाचा थेंब द्या.

चौकट काटकोनात आहे का, हे टेपने कळतं. आतून ९ बाय १२ इंचाची असेल, तर कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडून १५ इंच भरले पाहिजेत.

त्या सहा चौकटींचा जुना गोंद आधी खरवडून काढला, कारण त्यावर नवा धरत नाही. क्लॅम्प दोनच होते, सगळं जोडायला आठवडा गेला. गिऱ्हाइकाने घेतल्या, आणि यंदा आणखी दहा सांगितल्या आहेत.