विटाळ कापसाला का लागत नाही?

(रोहणा, जि. वर्धा इथं केलेल्या भाषणाचा मजकूर)



रोहणा हे कापसाच्या मुलखातलं गाव. म्हणून विटाळावर बोलायचं तर आधी कापसावर बोलू, पोथी मागून.

वावरात कापूस कोण वेचतं? तुमच्या-माझ्या माया-बहिणी. त्यांच्या ओटीतून तो बंडीत, बंडीतून जिनात जातो. सरकी निघते, गठाण बांधतात. वाटेत कितीक हात लागतात. त्याच कापसाचं जानवं होतं, समईची वात होते, देवाचं वस्त्र होतं. विटाळ नाही! आणि त्याच बाईनं विहिरीत पोहरा सोडला की पाणी बाटलं. हात तोच आहे ना? नागपूर-वऱ्हाडात तर पुष्कळ महार पिढीजात विणकर. त्यांनी विणलेलं जाडंभरडं गाव बिनघोर अंगावर घालत होतं.

पोथी लिहिणारा खुळा नव्हता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात त्यानं सोय करून ठेवलीय : कारागिराचा हात सदा शुद्ध, बाजारात विकायला मांडलेला माल शुद्ध. म्हणजे श्रमावाचून अडतं तिथं विटाळाला सुट्टी. आणि आम्ही पाण्यात, रस्त्यात, पंगतीत वाटा मागितला की तो काठी घेऊन हजर. मेरी डग्लस नावाच्या विदुषीनं 1966 साली पुस्तक लिहिलं. ती म्हणते, घाण म्हणजे चुकीच्या जागी आलेली वस्तू. चपला जमिनीवर चालतात, जेवणाच्या टेबलावर नाही. बरोबर आहे बाई. पण जागा ठरवली कोणी? चपलेला विचारलं होतं?

महाडचं बघा. 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले. मग सनातन्यांनी शुद्धी केली. शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या 108 घागरी तळ्यात ओतल्या, मंत्र म्हटले. जनावरं रोज त्या तळ्यावर पीत होती, तेव्हा कुणी घागर उचलली नव्हती. माणसाच्या ओंजळीनं बाटलेलं पाणी शेणानं शुद्ध झालं!

पण खरी गंमत कोर्टात आहे. तिथं नुसता धर्म सांगून भागेना. तळं आमच्या खासगी मालकीचं, असा त्यांचा दावा होता. बघा, सोवळ्याच्या गाठीत मालकी निघाली! रूढी अनादी काळापासूनची म्हणाले, तेही शाबीत करता आलं नाही. 17 मार्च 1937 ला हायकोर्टानं निकाल आपल्या बाजूनं दिला. दहा वर्षं लागली, पाण्यासाठी.

आपल्या वर्ध्यात 1928 साली जमनालाल बजाजांनी लक्ष्मीनारायणाचं मंदिर अस्पृश्यांना उघडलं. त्या काळी त्याला हिंमत लागली, ती मी नाकारत नाही. पण किल्ली त्यांच्याच हातात होती. बजाज कापसाचे मोठे व्यापारी. आमच्या बायांनी वेचलेला कापूस वात होऊन देवळादेवळातल्या गाभाऱ्यांत केव्हाचा जळत होता. बाई तेवढी पायरीखाली.

आता थोडं कडू बोलतो. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात आपण देव सोडले. विटाळ सोडला का? पाळी आली की घरातली पोरगी आजही कुठं कुठं कोपऱ्यात बसते, बुद्धाच्या फोटोला हात लावत नाही. तिची माय तिला बसवते आणि आपण पुढारी बाहेर ओसरीवर समतेवर बोलतो. गटारात माणूस उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे, तरी माणसं त्यात गुदमरून मरतात. त्या मेहतर भावाच्या घरचं पाणी आपल्यापैकी किती जण पितात? हात वर करा. करू नका, मला दिसतंय. उतरंड मनूनं रचली हे खरं, पण आपल्या पायाखालचं मडकं आपणही घट्ट दाबून धरलंय.

सभा संपल्यावर मातंग वस्तीत चहा ठेवलाय. सगळ्यांनी यायचं. बायांनी आधी प्यायचा, उरलासुरला नाही. आणि कुणी आपला कप घरून आणायचा नाही.