शब्द बदलले, नियम राहिला
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला हा कसला विषय काढला, असे काहीजणींना वाटेल. पण त्याला कारण घडले आहे. माझी एक शाळेतली मैत्रीण वसईकडची, ख्रिस्ती आहे. तिच्या संमतीनेच सांगते. तिच्या मुलाने घरी सांगितले, की मी मुलीशी लग्न करणार नाही. माझ्या मित्राबरोबरच जन्म काढणार. घरात रोज वाद. कुणी म्हणे, पोप फ्रान्सिसनी याला परवानगी दिली आहे. कुणी म्हणे, मुळीच नाही. शेवटी ती मला म्हणाली, "अगं, तू वाचतेस, तर खरे काय ते शोधून सांग." मी जे वाचले ते आज तुमच्यापुढे ठेवते.

फ्रान्सिस हे मूळचे अर्जेंटिनाचे. २०१० साली त्या देशात समलिंगी विवाहाचा कायदा येऊ घातला, तेव्हा ते ब्युनोस आयरिसचे आर्चबिशप होते. त्यांनी तिथल्या कार्मेल मठांतील जोगिणींना पत्र लिहून कळविले, की हा देवाच्या योजनेवरच घाला आहे, सैतानाची खेळी आहे. इतकी कठोर भाषा! तरीही जुलैमध्ये कायदा झाला. त्यांचे चरित्रकार मात्र सांगतात, की त्याच काळात बिशपांच्या बैठकीत त्यांनी निराळी सूचना केली होती: विवाह नको, पण अशा जोडप्यांना कायद्याने काही हक्क मिळावेत. ती तेव्हा मान्य झाली नाही.

मार्च २०१३ मध्ये ते पोप झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्राझीलहून परतताना विमानात पत्रकारांनी विचारले, तेव्हा ते म्हणाले, की असा कुणी मनापासून देवाचा शोध घेत असेल, तर त्याचा न्याय करणारा मी कोण? २०२० साली एका माहितीपटातून त्यांचे मत जगापुढे आले, की या लोकांनाही कुटुंबात राहण्याचा हक्क आहे आणि त्यांच्यासाठी नागरी सहजीवनाचा कायदा हवा. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी स्पष्ट सांगितले, की समलिंगी असणे हा गुन्हा नव्हे.

पण भगिनींनो, वाट सरळ नव्हती. मार्च २०२१ मध्ये व्हॅटिकनने त्यांच्याच संमतीने जाहीर केले, की अशा संबंधांना आशीर्वाद देता येणार नाही. पुढे १८ डिसेंबर २०२३ रोजी धर्मगुरूंना तशा जोडप्यांना आशीर्वाद देण्याची मोकळीक मिळाली. मात्र तो विधी नसावा, त्याला लग्नाचे रूप नसावे, अशा अटींवर. आफ्रिकेतील बहुतेक बिशपांनी तेही नाकारले. मे २०२४ मध्ये बंद दाराआड त्यांच्या तोंडून अपमानाचा शब्द गेल्याचे बाहेर आले, आणि व्हॅटिकनला दिलगिरी व्यक्त करावी लागली. २१ एप्रिल २०२५ रोजी ते निवर्तले. विवाह स्त्री-पुरुषांचाच, हा नियम त्यांनी अखेरपर्यंत बदलला नाही.

म्हणजे मैत्रिणीच्या घरात भांडणारे दोन्ही पक्ष अर्धे खरे होते. मला हे अपुरे वाटते. ज्याला जन्माची सोबत हवी आहे, त्याला आशीर्वाद उंबऱ्याबाहेर देणे हा पूर्ण न्याय नव्हे. पण त्याच वेळी असेही वाटते, की शहात्तर वर्षांपर्यंत एक भाषा बोललेला वडीलधारा माणूस, जगाचे डोळे आपल्यावर असताना, ती भाषा सौम्य करू शकतो, तर आपण आपल्या स्वयंपाकघरात का करू नये? आपल्याकडे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. विवाहाचा हक्क मात्र २०२३ साली दिला नाही. इथेही दार अर्धेच उघडे आहे. उरलेले उघडणे पुष्कळसे आयांच्या हाती आहे.

मी मैत्रिणीला एवढेच म्हटले, "रोमच्या निर्णयाची वाट पाहू नकोस. नाताळला दोघांनाही जेवायला बोलाव." तिने बोलावले. यजमान फारसे बोलले नाहीत. पण जेवताना त्यांनी त्या दुसऱ्या मुलाकडे भाताचे भांडे सरकवले, असे तिने मला सांगितले. सांगताना ती रडत होती.