रोपण केलेले मूत्रपिंड किती वर्षे टिकते?

नवे मूत्रपिंड ओटीपोटात एका बाजूला बसवतात. जुनी दोन्ही बहुधा जागच्या जागी राहतात. रक्तवाहिन्या जोडून चिमटे सोडले की फिकट पडलेला अवयव गुलाबी होतो. दाता जिवंत असेल तर पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच लघवी सुरू होते. पण हे मूत्रपिंड किती वर्षे साथ देईल, याचा निकाल तिथे लागत नाही.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांच्या पथकाने एका भावाचे मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाला बसवले. दोघे तंतोतंत सारखे जुळे, म्हणून शरीराने ते नाकारले नाही. रुग्ण आणखी ८ वर्षे जगला. इतरांची खरी सोय झाली ती १९८०च्या दशकात, अवयव नाकारला जाणे रोखणारे सायक्लोस्पोरिन हे औषध आल्यावर. आज चांगल्या केंद्रांत १०पैकी ९हून अधिक मूत्रपिंडे पहिले वर्ष पार करतात.

पुढचा प्रवास दात्यावरही अवलंबून असतो. जिवंत दात्याचे मूत्रपिंड मृत दात्याच्या मूत्रपिंडापेक्षा सरासरीने जास्त टिकते, आणि दाता पती किंवा पत्नी असून ऊती जुळत नसल्या तरी हा फायदा मिळतो. दात्याचे वय, अवयव बर्फात किती तास राहिला, रुग्णाने किती काळ डायलिसिसवर काढला, हेही महत्त्वाचे. पूर्वी रक्त चढवल्यामुळे किंवा गर्भारपणामुळे तयार झालेली प्रतिपिंडे दात्याविरुद्ध आहेत का, हे आधी क्रॉसमॅच ही रक्तचाचणी करून तपासावेच लागते.

सर्वांत नाजूक भाग औषधांचा. अवयव नाकारला जाऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमसची नेहमीची गोळी दर १२ तासांनी घ्यायची असते, आणि रक्तातील पातळी सकाळच्या गोळीआधी मोजतात. पपनस खाल्ल्याने ती वाढू शकते; क्षयावरच्या रिफाम्पिसिनने झपाट्याने उतरते. म्हणून दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरने दिलेले औषध आधी मूत्रपिंडतज्ज्ञाला दाखवणे आवश्यक असते. बरे वाटते म्हणून किंवा पैसे संपले म्हणून गोळ्या सुटतात, आणि हे नुकसान टाळता येण्याजोगे आहे. शस्त्रक्रियेला मिळते तेवढीच मदत पुढच्या औषधांनाही मिळायला हवी. मूत्रपिंड हळूहळू नाकारले जात असताना ना दुखते, ना ताप येतो; फक्त रक्तातील क्रिएटिनिन चढत जाते. नियमित तपासणीवाचून ते कळत नाही.

अनेक रुग्ण मूत्रपिंड चालू असतानाच हृदयविकाराने किंवा जंतुसंसर्गाने दगावतात. त्यामुळे रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांवरचा ताबा हाही याच उपचाराचा भाग आहे. मूत्रपिंड बंद पडलेच तर डायलिसिस किंवा दुसरे रोपण हे मार्ग उरतात. मात्र पहिल्या रोपणाने प्रतिपिंडे वाढली असतील तर दुसरा जुळणारा दाता मिळणे अवघड जाते.